डचेस : आईच्या नावाने विकल्या गेलेल्या गाईंचा इतिहास

१/२४
१० सप्टेंबर १८७३. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, यूटिका शहराजवळच्या न्यूयॉर्क मिल्स या गावी गुरांचा लिलाव भरला होता. अटलांटिक ओलांडून इंग्लंडचे खरेदीदार आले होते. 'जिनिव्हाची आठवी डचेस' या नावाची गाय रिंगणात आणली गेली आणि बोली सुरू झाली. ती थांबली ४०,६०० डॉलरवर. त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम आठ हजार पौंडांहून अधिक होती. ज्या गाईपासून हा वंश सुरू झाला, ती मूळ गाय एकोणनव्वद वर्षांपूर्वी अवघ्या तेरा पौंडांना विकली गेली होती.

तेरा पौंडांपासून आठ हजार पौंडांपर्यंतच्या या प्रवासाची ही कथा. #इतिहास #थ्रेड

२/२४
त्या एका दिवसात १०९ जनावरे विकली गेली आणि एकूण उलाढाल सुमारे ३,८०,००० डॉलरची झाली. त्यानंतर आठच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, 'जे कुक अँड कंपनी' ही अमेरिकेतील बलाढ्य पेढी बुडाली आणि १८७३ चे कुप्रसिद्ध आर्थिक अरिष्ट कोसळले.

पण डचेस वंशाचा ऱ्हास बाजार कोसळल्यामुळे सुरू झाला नव्हता. तो कितीतरी आधी, गोठ्यातच सुरू झाला होता. ज्या गाईंची किंमत त्यांच्या मातृवंशावरून ठरत होती, त्या गाई दिवसेंदिवस आई होण्यासच असमर्थ होत चालल्या होत्या. हे कसे घडले, हे समजण्यासाठी अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जावे लागते.

३/२४
त्या काळापर्यंत बहुतेक गावांची गुरे सामायिक कुरणात एकत्र चरत. कोणती गाय कोणत्या वळूकडून गाभण राहिली, यावर मालकाचे फारसे नियंत्रण नसे. शेतकरी आपल्या परीने चांगली कालवड राखून ठेवी. पण वासराचा बाप बहुधा कुरणातला योगायोग असे.

अठराव्या शतकात कुरणांना कुंपणे पडू लागली. त्याच सुमारास शहरे आणि कारखान्यांची गावे वाढली. मांस, दूध आणि चरबीची मागणी वाढली. कुंपणाच्या आत आता मालकाला ठरवता येऊ लागले की कोणती गाय कोणत्या वळूला दाखवायची. वंशनिवडीचे शास्त्र जन्मण्याआधी त्यासाठी लागणारे आवार अशा प्रकारे तयार झाले.

४/२४
या संधीचा सर्वांत धाडसी उपयोग केला रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) याने. लेस्टरशायर परगण्यातील डिशली हे त्याचे शेत. नर आणि माद्या वेगळ्या ठेवायच्या, हवे ते गुण ठरवून जोड्या लावायच्या, आणि ते गुण पक्के करण्यासाठी निकटच्या रक्तातच पैदास करायची, ही त्याची रीत. बाप–लेक, भाऊ–बहीण असे संबंध मेंढ्यांत वा गुरांत त्याने वर्ज्य मानले नाहीत. कापलेल्या जनावरांची हाडे आणि सांधे तो खारवून जपून ठेवी, म्हणजे एका पिढीची दुसरीशी तुलना करता येई.

आपले मेंढे तो विकत नसे, हंगामापुरते भाड्याने देई. त्यामुळे त्या मेंढ्यांची पुढची प्रजा निरनिराळ्या कळपांत कशी निघते, हेही त्याला पाहता येई.

५/२४
मेंढ्यांत बेकवेलला मोठे यश मिळाले. गुरांत त्याने लाँगहॉर्न, म्हणजे लांब शिंगांची जात निवडली. तिच्या अंगावर लवकर चरबी चढू लागली, आकार गोलाकार झाला, पाहणारे थक्क झाले. मात्र तिचे दूध घटले आणि विण्याची क्षमताही मंदावली. बेकवेलच्या मृत्यूनंतर काही दशकांतच त्याची सुधारित लाँगहॉर्न मागे पडली.

धडा डोळ्यांसमोर होता. पण त्या पिढीने बेकवेलच्या रीतीचा स्वीकार केला आणि लाँगहॉर्नच्या शेवटाकडे दुर्लक्ष केले. डिशलीला जाऊन ही पद्धत पाहणाऱ्यांपैकी एक होता चार्ल्स कॉलिंग.

६/२४
चार्ल्स कॉलिंग आणि त्याचा भाऊ रॉबर्ट हे उत्तर इंग्लंडमधील डर्हम परगण्याचे, डार्लिंग्टनजवळचे शेतकरी. टीस नदीच्या खोऱ्यातील आखूड शिंगांची, भरपूर दूध देणारी गुरे त्या भागात प्रसिद्ध होती. या गुरांपासून पुढे 'शॉर्टहॉर्न' ही जात घडली.

१७८४ मध्ये चार्ल्सने ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंडच्या स्टॅनविक येथील जमीनदारीतून एक गाय तेरा पौंडांना घेतली. ड्यूकच्या घरची म्हणून तिचे नाव पडले 'डचेस'. एवढी चांगली गाय आपण पाहिली नाही, पण तिच्या पोटी तिच्या तोडीची गाय आपल्याला कधी निपजवता आली नाही, असे कॉलिंग म्हणत असल्याचे पुढे सांगितले गेले. या कबुलीत साऱ्या कथेचे बीज आहे.

७/२४
कॉलिंगच्या गोठ्यातील सर्वांत प्रभावी वळू 'फेव्हरिट'. त्याच्या आईचे नाव फिनिक्स. कॉलिंगने फेव्हरिटला त्याच्या आईवरच सोडले आणि 'यंग फिनिक्स' ही कालवड जन्मली. मग तिलाही फेव्हरिटकडूनच गाभण केले आणि १८०४ मध्ये 'कॉमेट' हा वळू जन्मला. म्हणजे कॉमेटच्या आईचा बाप आणि त्याचा स्वतःचा बाप एकच. आणि त्याची आजी ही त्याच्या बापाचीही आई.

फेव्हरिट सुमारे सोळा वर्षे वापरात होता. त्याच्या मुली, नाती आणि पणतीसुद्धा त्याच्याशीच जोडल्या गेल्या. शॉर्टहॉर्न जातीच्या पायाशी हे असे अत्यंत दाट रक्त आहे.

८/२४
११ ऑक्टोबर १८१० रोजी चार्ल्स कॉलिंगने केटन येथील आपला कळप लिलावात काढला. सत्तेचाळीस जनावरांचे सात हजार पौंडांहून अधिक आले. चौघांनी मिळून कॉमेटला एक हजार गिनींना घेतले. (गिनी म्हणजे एक पौंड आणि एक शिलिंग.) एका वळूला हजार गिनी मिळण्याची ही पहिलीच वेळ.

या लिलावात डचेस घराण्याची एक तरुण कालवडही होती. बाप कॉमेट, आईचा बाप फेव्हरिट. तिला १८३ गिनींना घेऊन जाणाऱ्या गृहस्थाचे नाव थॉमस बेट्स. पुढची चाळीस वर्षे हा माणूस आणि हे घराणे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

९/२४
थॉमस बेट्स (१७७५–१८४९) हा अविवाहित, अभ्यासू आणि कमालीचा हट्टी माणूस होता. याच घराण्यातील एक गाय त्याने कॉलिंगकडून १८०४ मध्येच शंभर गिनींना घेतली होती. गाईने खाल्लेला चारा, तिने दिलेले दूध, त्यातून निघालेले लोणी यांची मोजदाद तो ठेवी.

इतर मोठे पैदासकार मांसामागे धावत असताना बेट्सचा आग्रह असा की गाय दुधालाही चांगली हवी आणि अंगानेही भरलेली हवी. त्यासाठी नुसता वळू पाहून भागणार नाही, गाईंचा वंश निवडला पाहिजे, हे त्याचे सूत्र. 'खाण तशी माती' ही मराठी म्हण त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण त्याचा साऱ्या आयुष्याचा उद्योग त्याच विश्वासावर उभा होता.

१०/२४
केटनहून आणलेल्या कालवडीला त्याने 'डचेस पहिली' म्हटले. तिच्या आणि तिच्या मुलींच्या, नातींच्या पोटी जन्मलेल्या प्रत्येक कालवडीला पुढचा क्रमांक मिळत गेला : डचेस दुसरी, तिसरी, चौथी. याच घराण्यातील नरांना 'ड्यूक' हे नाव.

१८३० मध्ये बेट्स यॉर्कशायरमधील कर्कलेव्हिंग्टन येथे स्थायिक झाला आणि त्या गावाचे नाव सगळ्या गोपालकांच्या तोंडी झाले. पण क्रमांकांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट खटकते. १८१० पासून बेट्सच्या मृत्यूपर्यंत चाळीस वर्षे गेली, आणि डचेसचा आकडा साठीच्या घरातच राहिला. संपूर्ण घराण्यात वर्षाला सरासरी दीड-दोन कालवडी. भरभराटीला आलेल्या वंशाचा वेग असा नसतो.

११/२४
दरम्यान १८२२ मध्ये जॉर्ज कोट्सने शॉर्टहॉर्न गुरांचे वंशपुस्तक प्रसिद्ध केले. गुरांच्या एखाद्या जातीची छापील वंशावळ जगात प्रथमच तयार झाली. शर्यतीच्या घोड्यांसाठी असे पुस्तक १७९१ पासून होते.

या पुस्तकातील गाईची नोंद कशी असे, हे महत्त्वाचे आहे. आधी गाईचे नाव, मग तिचा बाप, मग तिच्या आईचा बाप, मग आजीचा बाप, मग पणजीचा बाप. नोंद आईच्या दोरीने मागे मागे जाते आणि शेवटी मूळ गाईपाशी थांबते. बापाकडचे आजी-आजोबा त्या ओळीत येतच नाहीत. त्यामुळे घराणे आईच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि ते नाव पिढ्यानपिढ्या तसेच्या तसे पुढे सरकत राहिले.

१२/२४
नाव तसेच राहते. रक्त मात्र तसेच राहत नाही. वासराला निम्मा वारसा आईकडून मिळतो, निम्मा बापाकडून. मूळ गाईचा वाटा तिच्या लेकीत निम्मा, नातीत पाव, पणतीत अष्टमांश. दर पिढीला बाहेरचा वळू लावला तर दहाव्या पिढीतील गाईत मूळ गाईचा वाटा हजारात एक एवढाही उरत नाही. आईच्या ओळीतून अखंड पुढे जाणारी एकच गोष्ट म्हणजे पेशींतील तंतुकणिकांचा इवलासा जनुकसंच. आणि हे ज्ञान तर विसाव्या शतकातले.

वंशपुस्तकात मात्र ती दहाव्या पिढीची गायही 'डचेस'च. कागदावरील नाव शंभर टक्के, अंगातील वारसा नाममात्र.

१३/२४
ही गोष्ट बेट्ससारख्या जाणकाराला अंदाजाने कळत होती. म्हणूनच तो डचेस गाईंना बहुधा डचेसच्याच पोटचे ड्यूक लावत असे. मूळ गाईचा वारसा पातळ होऊ द्यायचा नसेल, तर सोयरीक घरातल्या घरातच करायला हवी.

येथेच खरा पेच आहे. मूळ गाईचे रक्त टिकवायचे तर घराचे दार बंद ठेवावे लागते. आणि गाईंची कूस टिकवायची तर ते दार अधूनमधून उघडावे लागते. जातिवंत आई निपजवू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा पेच सोडवावा लागतो. बेट्सने सुरुवातीची तेरा वर्षे दार जवळजवळ बंदच ठेवले.

१४/२४
परिणाम गोठ्यात दिसू लागले. काही गाई उशिरा गाभण राहत, काही वारंवार उलटत, काही गाभडत, काही वांझच निघत. आपल्या गुरांच्या श्रेष्ठत्वाविषयी बेट्सचा अभिमान तिळमात्र कमी झाला नाही. तरीही पुढच्या सतरा वर्षांत त्याला तीन वेळा बाहेरचे रक्त आणावे लागले.

त्यातील सर्वांत गाजलेला वळू 'बेल्व्हेडिअर'. १८३१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, बेट्सने त्याला फक्त पन्नास पौंडांना घेतले. तो 'प्रिन्सेस' नावाच्या दुसऱ्या जुन्या घराण्यातला होता. त्याच्यापासून डचेस गाईंना झालेली वासरे इतकी सरस निघाली की त्या घराण्याला जणू पालवी फुटली.

१५/२४
बाहेरच्या रक्ताने तारले, याची प्रचीती आल्यावर बेट्सने काय केले? बेल्व्हेडिअरपासून झालेली 'डचेस चौतिसावी' ही कालवड त्याने परत बेल्व्हेडिअरलाच, म्हणजे तिच्या सख्ख्या बापाला लावली.

त्या जोडीतून १८३५ मध्ये 'ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंड' हा वळू जन्मला. इंग्लंडच्या नव्या शेतकी संस्थेचे पहिले प्रदर्शन १८३९ मध्ये ऑक्सफर्डला भरले, तेव्हा त्याने मैदान मारले. बेट्सला आपली रीत सिद्ध झाल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. प्रदर्शनाच्या मैदानात वळूची पाठ, छाती आणि चाल दिसते. त्याच्या बहिणी वेळेवर विततात की नाही, हे तेथे दिसत नाही.

१६/२४
१८४९ मध्ये बेट्स वारला. पुढच्या वर्षी मे महिन्यात कर्कलेव्हिंग्टनचा लिलाव झाला : अडुसष्ट जनावरे, सरासरी सुमारे सदुसष्ट पौंड. केटनच्या तुलनेत हा भाव निम्म्याहूनही कमी. कळपाचा दर्जा बाजाराने तेव्हा तरी डोके ठिकाणावर ठेवून जोखला, असे म्हणता येईल.

बऱ्याच डचेस लॉर्ड ड्यूसी या उमरावाने घेतल्या. तीन वर्षांत तोही वारला आणि १८५३ मध्ये टॉर्टवर्थ येथे पुन्हा लिलाव झाला. या वेळी मात्र अमेरिकेचे श्रीमंत पैदासकार बोलीत उतरले आणि भाव एकदम चढले. यापुढे डचेस गाय शेतकऱ्याच्या दावणीतून धनिकांच्या संग्रहात गेली.

१७/२४
अमेरिकेत हे घराणे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील गोठ्यात जन्मलेल्या डचेस 'जिनिव्हाच्या डचेस' झाल्या आणि शेवटी त्या न्यूयॉर्क मिल्सच्या कळपात आल्या.

बेट्सच्या पश्चात त्याच्या अनुयायांनी 'शुद्धता' हे व्रतच केले. ज्या गाईच्या नोंदीत बेट्सच्या घराण्यांबाहेरचे एकही नाव नाही, ती शुद्ध. एखाद्या पिढीत जरी परका वळू आला, तरी गाय कितीही दुभती आणि सुदृढ असो, तिचा भाव पडे. स्वतः बेट्सने तीनदा बाहेरचे रक्त आणले होते, याची आठवण या शुद्धतावाद्यांना नकोशी होती.

१८/२४
बाजाराचे तर्कशास्त्रही उलटे फिरले होते. साध्या हिशेबाने न विणारी गाय स्वस्त व्हायला हवी. येथे वंशच विरळ होऊ लागला, म्हणून उरलेल्या गाई दुर्मिळ ठरल्या. दुर्मिळ म्हणून महाग झाल्या. महाग म्हणून त्यांना परका वळू लावण्याचे धाडस कोणी करीना. वांझपण जितके वाढले, तितका भावही वाढला.

१८७३ चा तो लिलाव या चक्राचा कळस होता. शुद्ध समजल्या जाणाऱ्या डचेस तेव्हा न्यूयॉर्क मिल्सलाच उरल्या असल्याची समजूत होती. म्हणूनच इंग्रज खरेदीदार आपल्याच देशातून गेलेले रक्त परत नेण्यासाठी थेट अमेरिकेत आले होते.

१९/२४
धोक्याची सूचना छापून आली नव्हती, असे मुळीच नाही. या लिलावाच्या पाच वर्षे आधी, १८६८ मध्ये, चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींतील बदलांवरील आपला दोन खंडी ग्रंथ प्रसिद्ध केला. निकट रक्तातील पैदाशीवरील प्रकरणात त्याने बेट्सचाच दाखला दिला. गुरांचे रूप सुधारण्यासाठी नव्हे, तर त्यांची प्रजननक्षमता घटल्यामुळे बेट्सने बाहेरचे रक्त आणले असे सांगितले जाते, हे त्याने स्पष्ट नोंदवले.

डार्विनला या प्रश्नाची घरगुती टोचणीही होती. १८३९ मध्ये त्याने आपली मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी विवाह केला होता. त्यांच्या दहा मुलांपैकी तीन बालपणीच दगावली. नात्यातील विवाहाचा संततीवर काय परिणाम होतो, ही चिंता त्याला आयुष्यभर छळत राहिली.

२०/२४
पुढे काय झाले? आणखी काही वर्षे भाव टिकले. मग १८७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील शेतीत दीर्घ मंदी आली. ओले हंगाम, अमेरिकेतून येणारे स्वस्त धान्य आणि मांस, घटलेले खंड. उमरावांचे छंद आटले. त्याच सुमारास गोठ्यातील हिशेबही पुरा झाला : शुद्ध डचेस घराणे विण्याअभावी विझत गेले आणि अखेर संपले.

शॉर्टहॉर्न जात मात्र संपली नाही. तिला सावरणाऱ्यांपैकी एक होता स्कॉटलंडमधील अॅबर्डीनशायरचा एक मितभाषी शेतकरी, एमस क्रुकशँक.

२१/२४
सिटिटन येथील क्रुकशँकचा कळप १८३७ पासूनचा. त्या भागातील हिवाळा कडक, चारा मर्यादित. तेथे टिकेल, लवकर भरेल आणि गोठ्यात नियमित वाढेल, अशी गाय त्याला हवी होती. तिच्या वंशावळीला बाजारात किती मान आहे, याची त्याने फारशी पर्वा केली नाही.

१८५९ मध्ये त्याच्याकडे जन्मलेला 'चॅम्पियन ऑफ इंग्लंड' हा वळू प्रदर्शनात फारसा चमकला नव्हता. पण त्याची वासरे भरीव आणि काटक निघू लागल्याचे पाहताच क्रुकशँकने त्याच्यावर कळप उभा केला. बेट्सपंथी लोक वासराची पारख त्याच्या पणजीवरून करीत. क्रुकशँकने वळूची पारख त्याच्या वासरांवरून केली. दृष्टीची दिशाच त्याने बदलली.

२२/२४
हीच दिशा पुढे शास्त्र झाली. १८९५ मध्ये डेन्मार्कमधील वेयेन येथे शेतकऱ्यांनी दूध-नोंदणी संघ स्थापला. गाईचे दूध, त्यातील स्निग्धांश आणि तिने खाल्लेला चारा यांची नियमित मोजणी होऊ लागली. आता गाय तिच्या वेताच्या नोंदीवरून बोलू लागली.

१९२० च्या दशकात अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट याने निकट पैदाशीचे प्रमाण आकड्यात मांडण्याचे सूत्र दिले आणि ते बेट्सच्या डचेस घराण्याला लावून पाहिले. सख्ख्या भावंडांच्या संततीचा आकडा येतो २५ टक्के. कॉमेट वळूचा आला सुमारे ४७ टक्के. प्रत्येक जनावर काही सुप्त दोष बाळगून असते. नातेवाइकांचे दोष सारखे असतात. ते दोन्ही बाजूंनी एकत्र आले की उघडे पडतात. पहिला फटका बहुधा प्रजननाला बसतो.

२३/२४
विसाव्या शतकाने हा धडा पुन्हा एकदा गिरवला. १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मलेला 'पॉनी फार्म आर्लिंडा चीफ' हा होल्स्टिन वळू. कृत्रिम रेतनामुळे त्याच्या मुली सुमारे सोळा हजार झाल्या, पणतींची संख्या वीस लाखांवर गेली. दूध अफाट वाढले. पण त्याच्या एका जनुकात एक घातक दोष होता. दोन्हीकडून तो दोष आलेला गर्भ पोटातच मरतो. या एका दोषामुळे जगभरात पाच लाखांहून अधिक गर्भपात झाले असावेत, असा अंदाज संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. दुधातील लाभ या तोट्याहून कितीतरी मोठा होता, हेही तितकेच खरे.

२००३ पासून अमेरिकेतील वळूंच्या मूल्यमापनात 'मुली किती सहज गाभण राहतात' हा निकष अधिकृतपणे जोडला गेला. बेट्सला हा आकडा हाती मिळाला असता, तर?

२४/२४
हा प्रश्न महाराष्ट्रापासून दूर नाही. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे 'बाएफ' ही संस्था स्थापली आणि गोठवलेल्या वीर्यातून संकरित गाईंचा प्रसार गावोगाव झाला. आज पश्चिम महाराष्ट्रातील गोठ्यांत दिसणाऱ्या 'एचएफ' गाई याच होल्स्टिन रक्ताच्या. कोणती रेतमात्रा वापरायची, हे ठरवणारा प्रत्येक गोपालक आपल्या दावणीला पुढची आई निवडत असतो. त्याच गाईच्या बापाची मात्रा पुन्हा तिलाच दिली जाऊ नये, यासाठी नोंदवही ठेवणे हा डचेसच्या कथेचा सर्वांत साधा उपयोग.

गुरांच्या बाजारात जाणता शेतकरी गाय घेताना विचारतो : कितवे वेत? दूध किती? व्यायल्यावर किती दिवसांनी परत गाभण राहते? हिची आई कशी होती? चारही प्रश्न हवेत. न्यूयॉर्क मिल्सच्या बोलीत शेवटच्या प्रश्नाचे मोल ४०,६०० डॉलर झाले आणि तिसरा मागे पडला.

तुमच्या भागात गाय पारखताना तिच्या आईविषयी काय विचारतात? प्रतिसादात जरूर नोंदवा. थ्रेड समाप्त.